कुणी मोजत नव्हतं तेव्हा

नोव्हेंबर १९९७. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची गेट्स इमारत. तुमच्यासमोर मागून फुगलेला जाडजूड मॉनिटर आहे, त्यावर नेटस्केप हा ब्राउझर उघडलेला आहे आणि हाताशी त्या काळातली चार मोठी सर्च इंजिनं आहेत. अगदी सोपी परीक्षा घ्या. प्रत्येक इंजिनात त्याचं स्वतःचंच नाव टाइप करा आणि पहिले दहा निकाल वाचा. चारही तपासून झाल्यावर कळतं की फक्त एकालाच स्वतःचा पत्ता सापडतो. उरलेल्या तिघांना आपण कुठे राहतो हेच सांगता येत नाही.

आता ‘बिल क्लिंटन’ टाइप करा. अमेरिकेचे अध्यक्ष आहेत ते, व्हाइट हाउसची अधिकृत साइटही सुरू झालेली आहे. पण यांतल्या एका मोठ्या इंजिनातून जे पान हाती येतं त्यावर अध्यक्षांना हिणवणारं एक वाक्य आणि एक फोटो आहे. बाकी काही नाही.

इंजिनाला शिकवलंय तेच ते करतंय. शोधलेला शब्द पानात किती वेळा आला, एकूण मजकुरात त्याचं प्रमाण किती, शीर्षकात आहे का, एवढंच ते बघतं. चार शब्दांच्या पानात दोन शब्द ‘बिल क्लिंटन’ असतील तर प्रमाणाच्या हिशेबात ते पान भल्याभल्यांच्या पुढे जातं. ज्यांना हा हिशेब उमगलाय त्यांनी त्याचा धंदाही सुरू केलाय. अशा एखाद्या पानाच्या तळाशी जा आणि माउस दाबून रिकामी दिसणारी जागा निवडा. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शंभरदा लिहिलेला एकच शब्द उजळून समोर येतो. तो वाचकासाठी नाहीच, यंत्रासाठी आहे. पान स्वतःबद्दल जे बोलतं त्यावरच विसंबून राहिलं की हे अटळ आहे.

याच इमारतीत २४ वर्षांचे दोन पीएचडीचे विद्यार्थी वेगळ्या साक्षीदारांच्या शोधात आहेत. लॅरी पेज मिशिगनचा, प्राध्यापकांच्या घरातला. सर्गेई ब्रिन मॉस्कोत जन्मलेला, सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेला. पाठीशी टेरी विनोग्राड आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांच्यासारखे ज्येष्ठ प्राध्यापक आहेत आणि राजीव मोटवानी आहेत, जम्मूत जन्मलेले, आयआयटी कानपूरमधून बर्कलीला आणि तिथून इथे आलेले. यंत्रं जमतील तशी जमवलेली आहेत. काही इंटेलने दिलेली, काही आयबीएमने. रंगीत लेगोच्या ठोकळ्यांनी बांधलेली एक पेटी आहे, तिच्यात प्रत्येकी ४ जीबीच्या १० हार्डडिस्क बसवल्यात. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये याहून जास्त जागा असते, पण त्या पेटीत त्या वेळच्या वेबचा मोठा तुकडा मावत होता.

त्यांच्या डोक्यात काय आहे ते समजून घ्यायला आणखी थोडं मागे जायला हवं. मार्च १९९६.

वेबपानावरून बाहेर जाणाऱ्या लिंक तुम्हाला दिसतात. निळी अक्षरं, खाली रेघ, दाबलं की पुढे. पण या पानाकडे येणाऱ्या लिंक कुठून कुठून निघाल्यात, हे कुठेच लिहिलेलं नसतं. पानाच्या मालकालाही ते ठाऊक नसतं. ते कळायचं असेल तर जगातली सगळी पानं वाचायची, प्रत्येकावरच्या लिंक टिपायच्या आणि मग अख्खी नोंदवही उलटी फिरवायची. पेजने तेच करायला घेतलंय. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या स्टॅनफर्डच्या पानापासून निघतो, लिंक पकडून पुढच्या पानावर जातो, तिथून पुढच्या. प्रकल्पाचं नाव बॅकरब.

त्या क्रॉलरच्या मागोमाग तुम्हीही थोडं चाला. मला या सगळ्या प्रवासात हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी वाचण्याजोग्या पानांची यादी केली आहे. एका ग्रंथपालांनी नकाशांच्या साइट एकत्र लावून ठेवल्यात. कुणी विद्यार्थी आपल्या आवडत्या बँडच्या पानांकडे बोट दाखवतोय, कुणी खगोलशास्त्राचा हौशी अभ्यासक नासाच्या चित्रांकडे. यांतल्या कुणालाही या लिंकचे पैसे मिळालेले नाहीत. कुणी तरी त्या गोळा करून मोजणार आहे, त्यावरून कुणाचा तरी क्रम लागणार आहे, ही कल्पना त्यांच्या स्वप्नातही नाही. त्यामुळे त्या लिंकचा अर्थ एवढाच: मी हे वाचलं, मला उपयोगी पडलं, तुम्हीही बघा. लाखो माणसांनी एकमेकांना न विचारता, कुणाकडूनही काही न घेता दिलेली ही साक्ष. पुढे जे गणित येणार आहे ते सुंदर आहेच, पण त्याची सगळी ताकद या भोळ्या कच्च्या मालात होती, असं माझं ठाम मत आहे.

क्रॉलर भोळा नाही, पण अडाणी आहे. प्रत्येकाने एका वेळी सुमारे ३०० जोडण्या उघड्या ठेवायच्या, असे तीन क्रॉलर चालतात. ज्यांच्या साइटवर तो जातो त्यांचे ईमेल येतात, फोन येतात. काहींना क्रॉलर म्हणजे काय हेच माहीत नाही. कुणी तरी आपली इतकी पानं वाचली याचा एकाला आनंद झालाय आणि ती आवडली का, असं तो विचारतो. एकदा तर क्रॉलर एका ऑनलाइन खेळात शिरतो. खेळातल्या लिंकही तो इमानदारीने दाबत सुटतो आणि खेळणाऱ्यांच्या पडद्यावर अर्थहीन संदेशांचा पाऊस पडतो. चुका दुरुस्त होत जातात, वेग वाढत जातो. पुढच्या एका फेरीत शेवटची १ कोटी १० लाख पानं ६३ तासांत उतरवली जातात. सेकंदाला सरासरी ४८.५ पानं.

आता गणित. यासाठी तुम्हाला खुर्चीतून उठून वेबच्या आत उतरावं लागेल.

तुम्ही एका पानावर उभे आहात. वाचायचं नाही, समजून घ्यायचं नाही. पानावर जितक्या लिंक असतील त्यांतली कुठलीही एक डोळे मिटून निवडायची आणि दाबायची. नव्या पानावर पुन्हा तेच. मात्र प्रत्येक पावलाला एक शक्यता आहे: १०० पैकी १५ वेळा तुम्ही कंटाळता, लिंक दाबत नाही, आणि वेबवरच्या कुठल्याही पानावर सरळ उडी मारता. मग तिथून पुन्हा चालणं सुरू. हे अनंत काळ करत राहा. काही पानांवर तुम्ही वारंवार येता, काहींवर क्वचित. एखाद्या पानावर तुमचा जितका वेळ जातो त्या प्रमाणात त्या पानाचं वजन. पेजरँक म्हणजे एवढंच. नाव लॅरी पेजच्या आडनावावरून.

ही उडी नसती तर घोटाळा झाला असता. फक्त एकमेकांकडेच लिंक देणारी दोन पानं कुठे तरी असतील आणि बाहेरून तिथे एक वाट जात असेल, तर तुम्ही त्यांच्यात अडकून कायमचे फेऱ्या मारत राहिला असता आणि जगाचं सगळं वजन त्या दोघांकडे साठलं असतं. १५ टक्के कंटाळा तुम्हाला त्यातून सोडवतो.

प्रत्यक्ष हिशेब करून बघा, कागद-पेन्सिल पुरेल. तीन पानं: अ, ब आणि क. अ वरून दोन लिंक, एक ब कडे, एक क कडे. ब वरून एकच, क कडे. क वरून एकच, अ कडे. तिघांनाही सुरुवातीला २० गुण द्या. उडी क्षणभर बाजूला ठेवा. प्रत्येकाने आपले गुण आपल्या लिंकमध्ये सारखे वाटायचे. अ चे २० निम्मे-निम्मे होऊन ब ला १० आणि क ला १०. ब चे २० क ला. क चे २० अ ला. पहिल्या फेरीनंतर अ कडे २०, ब कडे १०, क कडे ३०. दुसरीनंतर ३०, १०, २०. तिसरीनंतर २०, १५, २५. चौथीनंतर २५, १०, २५. आकडे हेलकावे खात खात शांत होत जातात आणि २४, १२, २४ वर येऊन थांबतात. तिथून पुढे कितीही वाटा, बदलत नाहीत. १५ टक्क्यांची उडी धरली तर ते २३.३, १२.९ आणि २३.८ च्या आसपास स्थिरावतात.

या आकड्यांकडे नीट बघा. अ कडे बाहेरून येणारी लिंक एकच आहे. ब कडेही एकच. तरी अ चं वजन ब च्या दुप्पट, आणि दोन लिंक मिळवणाऱ्या क च्या बरोबरीचं. कारण अ ला लिंक देणारं पान स्वतः वजनदार आहे आणि ते आपलं सगळं वजन एकाच ठिकाणी टाकतं. ब ला मिळालेली लिंक अ ने दोघांत वाटून दिलेली आहे. सोयरीक जमवताना चौकशी करतात तेव्हा गावात किती जण चांगलं बोलले याचा आकडा कुणी धरत नाही. जो माणूस ऊठसूट कुणाचीही तारीफ करत नाही, आणि ज्याच्या शब्दाला पंचक्रोशीत मान आहे, त्याने एक वाक्य बोललं की घरचे निर्धास्त होतात. पण त्याच्या शब्दाला मान का? तर त्याच्याबद्दल इतर मानी माणसं चांगलं बोलतात म्हणून. हे वर्तुळ आहे, आणि वर्तुळ असूनही त्याचं उत्तर निघतं, हे ती तीन पानं तुम्हाला कागदावर दाखवतात.

तीन पानांच्या जागी स्टॅनफर्डमध्ये कोट्यवधी पानं आणि ३२ कोटी २० लाख लिंक आहेत. हेलकावे पुरेसे शांत व्हायला ५२ फेऱ्या पुरतात. लिंक निम्म्या केल्या तरी साधारण ४५ फेऱ्या लागतातच. म्हणजे वेब दुप्पट झालं तरी फेऱ्यांची संख्या किरकोळच वाढते. मध्यम ताकदीच्या यंत्रावर काही तासांचं काम. हे कळल्यावर त्या मुलांना काय वाटलं असेल याचा विचार मी अनेकदा करते. सगळ्या जगाचं वेब आपल्या टेबलावरच्या यंत्रात तोलता येतं!

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. लिंकच्या निळ्या अक्षरांत जे शब्द लिहिलेले असतात ते पेज आणि ब्रिन यांनी ज्या पानावर ते लिहिलेत त्याच्या खात्यात टाकलेच, पण ज्या पानाकडे लिंक जाते त्याच्याही खात्यात जमा केले. असे २५ कोटी ९० लाख मजकूर त्यांनी गोळा केले. पानावर नुसतं चित्र असेल, एक अक्षर नसेल, तरी लोक त्याला काय म्हणतात यावरून ते सापडतं.

आता वेग घ्या, कारण या कल्पनेचं मूळ संगणकात नाही. १८७३, शिकागो. फ्रँक शेपर्ड नावाचा गृहस्थ वकिलांना गोंद लावलेल्या चिठ्ठ्या विकतोय. अमुक निकालाचा पुढे कुठल्या निकालांत उल्लेख झाला ते त्यांवर छापलंय. वकिलाने चिठ्ठी भिजवायची आणि जुन्या निकालाच्या समासात चिकटवायची. मागे जाणारी वाट सगळ्यांना दिसते, पुढे आलेली दिसत नाही, ही अडचण शेपर्डने बॅकरबच्या १२३ वर्षं आधी ओळखली होती. १९५३ साली मिशिगन स्टेटमध्ये लिओ कॅट्झ नावाचे संख्याशास्त्रज्ञ एका गटात कुणाला किती मान आहे ते मोजायची रीत मांडतात: कोण निवडतो हे बघा, आणि निवडणाऱ्याला कोण निवडतो हेही. पुढे त्याच विद्यापीठात कार्ल पेज संगणकशास्त्र शिकवू लागले, आणि त्यांच्या मुलाचं नाव लॅरी. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो.

फिलाडेल्फियात जरा थांबा. माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफिल्ड यांना शेपर्डच्या पद्धतीची माहिती त्या कंपनीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्रातून मिळाली आणि १९५५ मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये मांडलं की शास्त्रीय निबंधांचंही असंच करता येईल. १९६३ मध्ये त्यांची पहिली सायन्स सायटेशन इंडेक्स प्रसिद्ध होते. ६१३ नियतकालिकं, १४ लाख उल्लेख. खंड उचलून बघा. एका ओळीत जुना निबंध, त्याखाली बारीक टाइपात त्याचा आधार घेणारे नवे निबंध. गारफिल्ड यांची मूळ तळमळ संशोधकासाठी होती: आपण ज्या निबंधावर इमारत बांधतोय तो पुढे कुणी खोडून काढलाय का, हे त्याला कळावं. क्रमवारीची हाव नंतर आली. नियतकालिकांचे आकडे निघाले, आकड्यांवरून नोकऱ्या आणि बढत्या ठरू लागल्या, आणि एकमेकांचे उल्लेख करणारी मित्रमंडळं तयार झाली. वेबवर पुढे काय होणार याची रंगीत तालीम इथे होऊन गेली होती. १९७६ मध्ये गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी उल्लेखांनाही वजन दिलं: वजनदार नियतकालिकाचा उल्लेख जास्त मोलाचा. तीच अ-ब-कची गोष्ट.

परत नव्वदीत या. एकाच वेळी अनेकांना एकच कल्पना सुचते तसं इथे घडतंय. १९९६ मध्ये न्यू जर्सीत रॉबिन ली लिंक मोजून क्रम लावणारं रँकडेक्स बनवतात. त्यांची पुढची कंपनी म्हणजे चीनचं बायडू. १९९७ मध्ये इटलीचे मासिमो मार्किओरी लिंकमधून मिळणाऱ्या माहितीचा वापर मांडतात. आणि जानेवारी १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका परिषदेत तुम्ही जॉन क्लाइनबर्ग यांचं भाषण ऐकायला बसता. आयबीएमच्या अल्मेडेन प्रयोगशाळेत त्यांनी हे काम केलंय.

त्यांचं एक उदाहरण ऐकून तुम्ही सावरून बसाल. मोटार बनवणाऱ्या कंपन्या शोधायच्या आहेत. पण होंडा किंवा टोयोटाच्या मुखपृष्ठावर ‘मोटार उत्पादक’ हे शब्द नसतातच. कंपनी स्वतःला तसं म्हणवत नाही. तसं म्हणणारे इतर लोक असतात. आणि होंडा टोयोटाला लिंक देईल का? कधीच नाही. प्रतिस्पर्धी एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत. मग त्यांना एकत्र कोण आणतं? याद्या करणारी माणसं. म्हणून क्लाइनबर्ग पानांचे दोन गुण मोजतात: एक, हे पान विषयावरचं जाणतं पान आहे का, दोन, हे पान चांगल्या जाणत्या पानांची यादी आहे का. चांगली यादी म्हणजे जी जाणत्या पानांकडे नेते, आणि जाणतं पान म्हणजे ज्याकडे चांगल्या याद्या नेतात. पुन्हा वर्तुळ, पुन्हा फेऱ्या. फरक असा की स्टॅनफर्डमध्ये सगळ्या वेबचं वजन आधीच काढून ठेवतात, तर क्लाइनबर्ग अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनाकडून त्या शोधाची २०० पानं घेतात, आजूबाजूची शेजारपानं जोडतात आणि त्या छोट्या वस्तीतच हिशेब करतात. माझ्या मते या पद्धतीत यादी करणाऱ्याला जो मान मिळाला तो पेजरँकमध्ये कधीच मिळाला नाही. दुसऱ्यांची पानं निगुतीने जमवून ठेवणारा ग्रंथपाल इथे स्वतःच्या नावाने मोजला गेला. अल्मेडेनमध्ये या विषयावर काम करणारे सौमेन चक्रबर्ती पुढे पवईला आयआयटी मुंबईत आले, आणि २००२ साली आलेल्या त्यांच्या ‘मायनिंग द वेब’ या पुस्तकातून जगभरच्या विद्यार्थ्यांनी हा विषय शिकला.

एप्रिल १९९८, ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन. जागतिक वेब परिषदेत ब्रिन आणि पेज यांचा निबंध आलाय, बॅकरबमधून वाढलेलं, २ कोटी ४० लाख पानांचं गूगल नावाचं इंजिन कसं चालतं त्याचं वर्णन. निबंधाची पूर्ण आवृत्ती घ्या आणि जाहिरातींवरचं परिशिष्ट उघडा. तिथे ते सांगतात की आमच्या इंजिनात ‘सेल्युलर फोन’ शोधलं तर सगळ्यांत वर एक अभ्यास येतो: गाडी चालवताना फोनवर बोलल्याने चालकाचं लक्ष कसं विचलित होतं. मग ते विचारतात की ज्या इंजिनाचं पोट फोन कंपन्यांच्या जाहिरातींवर भरतं त्याला हा निकाल वर ठेवणं परवडेल का? जाहिरातींवर चालणारी इंजिनं जाहिरातदारांकडे झुकणारच, असं ते निःसंदिग्धपणे लिहितात. सहाच महिन्यांत त्यांची कंपनी उभी राहणार आहे, आणि ती जगातली सर्वांत मोठी जाहिरात कंपनी होणार आहे. ते पान लिहिणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. म्हणूनच ते वाचताना पोटात कालवतं.

ऑगस्टमध्ये गुंतवणूकदार अँडी बेक्टोल्शाइम पालो आल्टोतल्या एका घराच्या पडवीत १ लाख डॉलरचा चेक लिहून देतात, सप्टेंबरमध्ये कंपनी नोंदवली जाते. पेजरँकचं पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर निघतं आणि त्या बदल्यात मिळालेले शेअर विद्यापीठ पुढे ३३ कोटी ६० लाख डॉलरना विकतं.

डिसेंबर २०००. माझ्या लेखी या कथेतला खरा वळणबिंदू हा. गूगल ब्राउझरसाठी टूलबार देतं आणि त्यात एक छोटी हिरवी पट्टी असते. तुम्ही कुठल्याही पानावर जा, त्याचा पेजरँक ० ते १० मध्ये दिसतो. तोवर आतल्या यंत्रात असलेला आकडा आता प्रत्येक पानमालकाला दिसू लागला. आणि दिसणाऱ्या आकड्याचा भाव ठरतो. पेजरँक ७ असलेल्या पानावरून लिंक हवी? इतके डॉलर. दरपत्रकं निघाली. एकमेकांना लिंक देण्याखेरीज दुसरं काही न करणाऱ्या साइटची शेतं उगवली. लोकांच्या पाहुणेवह्यांत, प्रतिक्रियांत, रात्रीतून हजारो लिंक चिकटवणारे प्रोग्रॅम आले. १९९६ च्या त्या प्राध्यापकाची यादी आणि हे सौदे यंत्राला सारखेच दिसत होते.

२००३ च्या अखेरीस गूगलमध्ये ‘मिझरेबल फेल्युअर’ टाइप करा. पहिला निकाल: राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचा अधिकृत परिचय. त्या पानावर हे शब्द कुठेच नाहीत. विरोधकांनी ठरवून त्या शब्दांखाली बुश यांची लिंक दिली होती, आणि निळ्या अक्षरांचे शब्द समोरच्याच्या खात्यात जमा होतात, हे तुम्ही मघाशी पाहिलंत. जानेवारी २००७ पर्यंत गूगलला ते आवरता आलं नाही. २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने लिंकला ‘नोफॉलो’ ही खूण लावायची सोय केली: ही लिंक आहे, पण साक्ष म्हणून धरू नका. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाच्या बदलाने विकत घेतलेल्या लिंकच्या आधारावर वर आलेल्या साइट एका फटक्यात खाली गेल्या. २०१६ मध्ये हिरवी पट्टी कायमची बंद झाली. आकडा आत गेला, पण बाजार तोवर पक्का झाला होता. आजही मराठीत कुठलंही पान चालवणाऱ्या माणसाला ‘तुमच्या पानावर लिंक टाकू का, पैसे देऊ’ असे ईमेल येत राहतात.

मराठीसाठी हा काळ वेगळाच गेला. साधारण २००० साली पुण्यातल्या एखाद्या सायबर कॅफेत जाऊन मराठी वर्तमानपत्राची साइट उघडा. आधी त्यांचा फॉण्ट उतरवून घ्यायचा. तो बसवला की अक्षरं छान दिसतात, पण त्या देवनागरी रूपाच्या मागे खरे संकेत इंग्रजी अक्षरांचे आहेत, आणि दुसऱ्या साइटचा फॉण्ट दुसरा, संकेत दुसरे. क्रॉलर आला तर लिंक त्याला मिळते, निळ्या अक्षरांत मात्र निरर्थक रोमन अक्षरांची माळ दिसते. वजन पोचलं, शब्द पोचले नाहीत. सगळ्यांसाठी एकच संकेत ठरवणारं युनिकोड रुळेपर्यंत मराठी माणसांनी एकमेकांच्या पानांबद्दल जे काही सांगितलं ते यंत्राच्या दृष्टीने मुक्याचं बोलणं होतं. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला, हळूहळू लोक देवनागरीत टाइप करू लागले. पण तोवर वेबवर मोजणी सुरू झालेली होती. कुणी मोजत नसतानाचे ते निरागस दिवस इंग्रजीला मिळाले, आपल्याला फारसे मिळाले नाहीत.

एक शेवटचा मुक्काम, ऑगस्ट-सप्टेंबर २००४, टोरंटो. स्टॅनफर्डचे झोल्टान ग्योंगी, हेक्टर गार्सिया-मोलिना आणि याहूचे यान पेडरसन एक निबंध मांडतात. त्याचं बी १९९८ च्याच एका प्रयोगात होतं. कंटाळलेला प्रवासी कुठल्याही पानावर उडी न मारता दर वेळी एकाच ठरलेल्या पानावर, समजा कृत्रिम बुद्धिमत्तेचे आद्य पुरुष जॉन मॅकार्थी यांच्या पानावर, परतला तर काय होईल, हे पेज आणि मंडळींनी तपासलं होतं. सगळ्या वेबचा क्रम मॅकार्थी यांच्या जगाच्या अंगाने बदलला होता. टोरंटोचा निबंध म्हणतो, मग उडी विश्वासू साइटवरच मारू द्या. तिथून लिंकच्या वाटेने विश्वास पाझरत जाईल. चांगल्या साइट सहसा भामट्यांना लिंक देत नाहीत, त्यामुळे तो त्यांच्यापर्यंत फारसा पोचणार नाही.

त्या साइट निवडायच्या कशा? इथेच मला त्यांचं काम फार आवडतं. ज्यांच्याकडे जास्त लिंक येतात अशा साइट त्यांनी शोधल्या नाहीत. उलटा हिशेब केला: कुणाच्या लिंक धरून निघालं तर वेबचा सर्वांत मोठा भाग गाठता येतो? वर आलेल्यांपैकी १,२५० साइट माणसांनी बसून तपासल्या, एकेक. तेव्हाच्या अल्टाव्हिस्टाच्या नोंदीत ३ कोटी १० लाख साइट होत्या. त्या सगळ्यांसाठी विश्वासू म्हणून शेवटी हाती ठेवल्या १७८.

आज मराठीसाठी अशी यादी करायला तुम्हाला बसवलं तर मराठी विश्वकोश तुमच्या हातून नक्की घेतला जाईल. १९७६ मध्ये वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड आला, आज तो वेबवर सर्वांसाठी खुला आहे. विद्वत्तेत त्याला तोड नाही. पण टोरंटोची कसोटी दुसरी आहे. त्यातल्या एखाद्या नोंदीच्या तळाशी जा आणि संदर्भ वाचा. पुस्तकांची नावं आहेत, लेखकांची नावं आहेत. त्यांतल्या किती नावांवर बोट ठेवून पुढच्या मराठी पानावर जाता येतं ते मोजा. मग हेच वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत करा, दिवाळी अंकांच्या साइटवर करा, साहित्यसंस्थांच्या पानांवर करा. दुसऱ्याचं नाव आदराने घेतलेलं सापडेल, पण लिंक सापडायला वेळ लागेल. जी सापडेल ती साइट लिहून ठेवा. यादी १७८ पर्यंत न्यायची आहे.